तेवीस गोण्यांचा स्लॅब

घराच्या स्लॅबला सिमेंट किती लागेल, हे मी स्वतः होऊन कुणालाही विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगवीत असं बोललं गेलं की ओव्हाळसाहेबांनी सगळ्या गावाला विचारलं आणि शेवटी कुणाचंच ऐकलं नाही. यातला दुसरा भाग खरा आहे, पहिला नाही. घर बांधणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. त्याने दारासमोर वाळूचा ढीग टाकला की उत्तरं आपल्या पायांनी चालत येतात आणि ढिगावर बसतात. उठून जाताना थोडी वाळू धोतराला लावून नेतात, ती वेगळी.

मी पिंपरीच्या एका कंपनीत प्लॅनिंग खात्यात होतो. पुढच्या महिन्यात कुठल्या मापाचे किती बोल्ट लागतील, हे सांगणं माझं काम. बोल्ट कमी पडले तर लाइन थांबते आणि जास्त झाले तर साहेब आपल्याला थांबवतात. माझ्या कारकिर्दीत लाइनही थांबली नव्हती आणि मलाही कुणी थांबवलं नव्हतं. असा माणूस स्वतःच्या घराला अंदाजपंचे हात घालेल, हे शक्य नव्हतं. अंदाजपंचे घातला असता तर बरं झालं असतं, हे वाक्य माझी बायको प्रभावती अजूनही सणासुदीला म्हणते.

शेजारच्या किसनच्या वडिलांनी शेत मोडून गुंठे पाडले, त्यातला एक आम्ही घेतला होता. भिंती विटांच्या उभ्या केल्या, वर पत्रे टाकले. पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे आईची खोली. आमची आई, सोजरबाई, जन्मली गावकुसाबाहेर, पाचटाच्या छपराखाली. लग्नानंतर लोकांनी काढून टाकलेल्या पत्र्याखाली राहिली आणि आता म्हातारपणी मुलाने विकत आणलेल्या कोऱ्या पत्र्याखाली भाजून निघत होती. चैत्र लागला की तिला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, म्हातारीला पत्र्याखालून काढा. मी आईला म्हणालो, "आई, यंदा तुझ्यावर स्लॅब घालतो."

आई म्हणाली, "माज्यावर नगं घालू. घरावर घाल."

स्लॅब घालायचा तर आधी पत्रे काढायला हवे. मी आणि प्रभावती किसनच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहायला गेलो आणि आईला चाकणला माझ्या बहिणीकडे, रंभाकडे, पोचवलं. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घोट मोजून प्यावं, अशा मताची ती. एसटीत बसताना दोन लुगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन म्हणाली, "लौकर ने बाबा."

"स्लॅब पडला की लगेच न्यायला येतो."

"पडला म्हनू नये," आई म्हणाली. "टाकला म्हन."

आता आकड्याकडे येतो.

ते सिमेंट कंट्रोलचे दिवस होते. दुकानात जाऊन सिमेंट मागणं म्हणजे देवळात जाऊन देव मागण्यासारखं. दर्शन व्हायचं, हातात काही यायचं नाही. पुण्याला कचेरीत अर्ज करायचा, किती गोण्या लागतात ते लिहायचं, आणि साहेब मंजूर करतील तेवढ्याच मिळायच्या. एकदा अर्ज निकाली निघाला की पुन्हा लवकर उभं करत नसत. म्हणजे आकडा एकदाच सांगायचा आणि तो बरोबर सांगायचा.

आमचा गवंडी खंडू मिस्त्री. त्याला मी म्हणालो, "खंडू, स्लॅबला सिमेंट किती?"

"पन्नास," खंडू म्हणाला.

तो अजून घराच्या आत आला नव्हता. मी त्याला आत नेलं, तिन्ही खोल्या दाखवल्या, टेप लावून माप घेतलं. खंडू प्रत्येक खोलीत मान हलवत उभा राहिला.

"आता सांग."

"पन्नास," तो म्हणाला. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की शेजारच्या आळीतल्या पाण्याच्या टाकीलाही त्याने पन्नासच सांगितल्या होत्या, आणि एका दुमजली घरालाही. टाकीवाल्याने उरलेल्यांतून न्हाणीघर बांधलं. दुमजली घर अजून एकमजली आहे.

किसन संध्याकाळी गुरांना वैरण टाकून वाळूवर येऊन बसला. "जयसिंगराव, तुमाला लागत्याल तीस," तो म्हणाला. "म्हंजी तुमी साठ ल्ह्या. सायेब निम्मं करतो. निम्म्यातलं चार गोण्या वाटंत फुटत्यात. दोन मिस्त्री नेतो."

"मग उरल्या चोवीस."

"तेवढ्यात भागवायचं," किसन म्हणाला. त्याच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता.

पलीकडच्या गोजाबाईंचा आकडा त्यांच्या दिरावर बेतलेला होता. दिराचं घर भोसरीला झालं, तेव्हा म्हणे सिमेंट इतकं लागलं की दीर त्या वर्षी लग्नाला उभा राहू शकला नाही. किती लागलं हे त्यांना आठवत नव्हतं, मुलगी कुठली होती ते आठवत होतं. ती पुढे कुणाकडे पडली आणि तिचं कसं चांगलं झालं, तेही मला ऐकावं लागलं.

हे सगळं ऐकून मी ठरवलं की आपण शास्त्राने जायचं. कंपनीतून येताना कोरे कागद आणले आणि किसनच्या खोलीत दिव्याखाली बसलो. स्लॅब तीस फूट लांब, वीस फूट रुंद, चार इंच जाड. गुणाकार केला की दोनशे घनफूट. काँक्रीटमध्ये एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, हे कुणीही सांगेल. एकूण भाग सात. दोनशेला साताने भागलं की सिमेंट आलं. एका गोणीत सव्वा घनफूट बसतं. त्याने भागलं. उत्तर आलं तेवीसाच्या किंचित आत.

मी तो कागद प्रभावतीला दाखवला. ती भाकरी थापत होती. "पन्नास, साठ आणि एक मोडलेलं लग्न," मी म्हणालो, "आणि खरं उत्तर काय, तर तेवीस. वर चिमूटभर उरतं, ते उंबऱ्याला होईल."

"चिमूटभरच उरतंय?" ती म्हणाली. "मी पाच माणसांचा भात टाकते तर सहाव्याचाही टाकते."

मी तिला समजावलं की भात आणि काँक्रीट यांत फरक आहे. असतोच. भात कमी पडला तर दुसऱ्यांदा लावता येतो.

कचेरीत रांग होती. माझ्या पुढच्या माणसाने शंभर लिहिल्या होत्या आणि त्याला एका गोठ्याचं जोतं करायचं होतं. मागचा मला म्हणाला, "राव, तेवीस? साहेब बारा देणार. खोडा आणि सेहेचाळीस करा." शिपायानेही तेच सांगितलं आणि खोडायला स्वतःचं पेन देऊ केलं. मी नाही म्हणालो. दुप्पट लिहायचं म्हणजे माझ्या गणितावर माझाच विश्वास नाही असा अर्थ झाला असता.

साहेबांनी अर्ज वाचला आणि लाल पेन्सिल उचलली. मग थांबले. "तेवीस?" ते म्हणाले. "पंचवीस नाही, तीस नाही. तेवीस कसे?"

मी सांगितलं. लांबी, रुंदी, जाडी, सात भाग, सव्वा घनफूट. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना हाक मारून म्हणाले, "हे बघा. या खुर्चीवर बसल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी खरा आकडा लिहून आणलाय." ते गृहस्थ उठून मला बघायला आले. साहेबांनी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि तेवीसच्या तेवीस मंजूर केल्या. सरकारी कचेरीने माझ्यावर पूर्ण विश्वास टाकल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग, आणि त्याने मी बुडालो. त्यांनी नेहमीसारखं निम्मं केलं असतं तर मी निदान कचेरीला शिव्या दिल्या असत्या. पुढे जे झालं त्यात शिव्या द्यायला मला माझ्यावाचून कुणीच सापडेना.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच माणसं आली. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून तयार होत्या, वर सळयांची जाळी बांधलेली. खाली बायका माल कालवत होत्या, शिडीवर घमेल्यांची साखळी लागली होती, आणि वर खंडू लुंगी खोचून थापी मारत होता. प्रभावतीने माणसांसाठी मोठ्या पातेल्यात शिरा केला होता. सहाव्याचा धरून. किसन, त्याचे वडील, गोजाबाई, सगळे समोरच्या लिंबाखाली बसले. खंडूने रस्त्याकडून सुरुवात केली, कारण शिडी तिकडे होती. पुढची खोली झाकली गेली. मग स्वयंपाकघर झाकायला घेतलं. मी खाली उभा राहून गोण्या फोडताना बघत होतो आणि माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. पुढे अनेकदा मला त्या तासाभराची आठवण आली. माणूस इतका निश्चिंत फार थोडा वेळ असतो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा खंडू शिडीवरून खाली उतरला. हात झटकत म्हणाला, "साहेब, बाकीच्या गोण्या कुठं ठेवल्यात?"

"कुठल्या बाकीच्या?" मी म्हणालो.

खंडूने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या गोण्यांच्या चवडीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे पाहिलं. आईच्या खोलीवर फळ्या होत्या, सळया होत्या, आणि त्यांच्यावर आकाश होतं.

लिंबाखाली सगळे गप्प झाले. इतके दिवस तोंड न मिटलेली माणसं एकदम गप्प झाली की फार वाईट वाटतं. किसन उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेवटच्या गोण्यांत वाळू वाढवा. वरनं काय दिसतंय व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "एक-दोन-चार म्हणजे एक-दोन-चार." आईच्या डोक्यावर मला वाळू टांगायची नव्हती. पण हे मी इतक्या ताठ्यात बोललो की लोकांना वाटलं, ओव्हाळ अजून गणितच सांगतोय.

मग मी सायकल काढली. ज्यांनी ज्यांनी आकडे दिले होते त्यांच्या दारात गेलो. टाकीवाल्याला सिमेंट हा शब्दच पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. एकाने माझ्यादेखत पोत्यांवर गोधडी टाकली आणि म्हणाला, ज्वारी आहे. गोजाबाईंनी मात्र मनापासून अर्धी गोणी काढून दिली. ती दिराच्या घराच्या वेळची होती आणि तिचा दगड झाला होता. दोन माणसांनी उचलून आणली, बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी आभार मानले आणि तिची पायरी केली. किसनने बैलाच्या गव्हाणीसाठी ठेवलेली एक गोणी दिली. त्याचा बैल ते वर्ष जमिनीवरची वैरण खात राहिला, आणि मी गोठ्यावरून जायला लागलो की तो मान वर करून बघायचा. तो बहुधा माशा हाकलत असेल. मला तसं वाटायचं नाही.

किसनची ती गोणी संपली तेव्हा स्लॅब स्वयंपाकघराची भिंत ओलांडून हातभर पुढे गेला होता. खंडूने तिथे कड तासली, पुढच्या मालाला धरायला सळया तशाच बाहेर ठेवल्या, आणि हातपाय धुतले. माणसांनी शिरा खाल्ला. शिरा उरला.

चूक कुठे झाली हे मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. नव्या शेडच्या कामावर एक सिव्हिल इंजिनिअर यायचे. त्यांना मी म्हणालो, आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं असं असं झालं. त्यांनी विचारलं, "सुका माल धरला होता का त्यांनी? खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट जातं, पाणी पडलं की सगळं बसतं. दोनशे घनफूट ओलं काँक्रीट हवं तर सुका माल तीनशेच्या वर लागतो. दीडपट धरायचा, ओव्हाळ. पस्तीस-छत्तीस गोण्या लागल्या असत्या त्यांना." मग वडा खात म्हणाले, "काय करतात हे गृहस्थ?"

"प्लॅनिंगमध्ये आहेत," मी म्हणालो.

मी पुन्हा अर्ज केला, बारा गोण्यांचा. साहेबांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तेवीस पुरतात हे तुम्हीच मला सिद्ध करून दाखवलंत," ते म्हणाले. "मी चार लोकांना तुमचं उदाहरण दिलं, त्यांचे अर्ज कापले. आता या बारा कशाला? विकायला?" मी सुका माल आणि ओला माल समजावू लागलो, पण माझं गणित त्यांनी एकदा ऐकलं होतं. जागेची पाहणी करून मग बघू, म्हणाले. पाहणी करायला कचेरीतले एक गृहस्थ आले तेव्हा आम्ही स्लॅबवर पाणी मारत होतो आणि मागे चिखल झाला होता. त्यांचे बूट नवे होते. ते पुढच्या खोलीत उभे राहिले, वर पाहिलं आणि 'स्लॅब झालेला आढळला' असा शेरा मारून गेले. त्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. मधेच सेंट्रिंगवाला फळ्या सोडवून घेऊन गेला. त्याला दुसरीकडे काम होतं. पुढच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या, तसे आम्ही दोघं परत राहायला आलो.

चाकणहून निरोप येत होते. रंभाचे मालक, आमचे दाजी, भोसरीला कामाला होते. शिफ्ट सुटल्यावर सायकल वळवून कधीमधी माझ्या कंपनीच्या गेटवर यायचे. दर वेळी विचारायचे, "मामी म्हणतात, झालं का?" एकदा भोंगा वाजत होता, माणसं अंगावर येत होती, आणि मी म्हणून गेलो, "झालं. किरकोळ प्लास्टर राहिलंय."

त्या आठवड्यातच एका दुपारी आई आली. न कळवता. गाठोडं काखेत, आणि बरोबर विहीणबाई, रंभाच्या सासूबाई, सरुबाई. त्यांना विहिणीच्या मुलाचा स्लॅब बघायचा होता. आईने महिनाभर त्यांच्या घरी बसून त्या स्लॅबचं किती कौतुक केलं असेल ते सरुबाईंनी नेसलेल्या नव्या लुगड्यावरून दिसत होतं.

पुढच्या खोलीत दोघींनी वर पाहिलं. सरुबाई म्हणाल्या, "भक्कम हाय." स्वयंपाकघरात प्रभावती चहा टाकत होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "ही मागली माजी," आणि दार लोटलं.

खोलीत ऊन भरलं होतं. वर, भिंतीपासून हातभर अंतरावर, स्लॅब एकदम संपत होता आणि त्यातून सळया बाहेर आल्या होत्या. एका सळईवर चिमणी बसली होती.

"सोजरबाय," सरुबाई म्हणाल्या, "हितं वर काय न्हाई."

आई वर बघत राहिली. माझ्या मागे चहा उतू गेल्याचा वास आला. मग आईने गाठोडं खाली ठेवलं.

"उजेडाला ठिवलंय," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाला दिस उगावल्यालं कळाया नगं? जयसिंगानं मोजून ठिवलंय."

"आन पाऊस?"

"पावसाचं बी काढलंय त्यानं," आई म्हणाली. "त्यो कंपनीत ह्येच करतो."

सरुबाईंनी पुन्हा वर पाहिलं, या वेळी जरा आदराने. रात्री जेवताना म्हणाल्या की त्यांच्या घरालाही स्लॅब टाकायचा आहे, खेडच्या कचेरीत अर्ज करायचाय, तर दादांनी आकडा काढून द्यावा. मी तोंडातला घास गिळायच्या आत आई म्हणाली, "दील की."

दुसऱ्या दिवशी सरुबाईंना एसटीत बसवून परत आलो तर आई तिच्या खोलीत पोतं अंथरून बसली होती. मला म्हणाली, "किती कमी पडलं?"

"बारा गोण्या."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मी तिच्या रागावण्याची वाट बघत होतो, तो राग आलाच नाही. मग म्हणाली, "म्या आता चाकनला जात न्हाई. तितं बसायचं आन वाढल्यालं किती खावं ते मोजत ऱ्हायाचं."

आम्ही तिला पुढच्या खोलीत खाट टाकून देत होतो. तिने ऐकलं नाही. "उद्या कुनी चाकनचं आलं तर काय म्हनंल? मोजून ठिवलंय आन म्हातारी पुढं झोपती?" मी समजावलं, प्रभावतीने समजावलं, गोजाबाई तर दिराची गोष्ट घेऊन समजावायला आल्या. आई हलली नाही. तिने माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं आणि आता ती त्या खोट्याखाली राहणार होती.

किसनने ताडपत्री दिली. तिच्यावर कांदे वाळवलेले असल्यामुळे खोलीला चाकणच्या बाजाराचा वास यायचा. मृग लागला, आर्द्रा गेल्या, ताडपत्री वाऱ्याने फडफडायची, मधे पाण्याचा फुगा धरायची, आणि आम्ही खालून काठीने तो फुगा ढोसून पाणी बाहेर लोटायचो. तरी खाट भिजायचीच. आईला खोकला लागला. डॉक्टर आले, छाती तपासली, आणि खोली न बघताच म्हणाले, "यांना हवेशीर जागेत ठेवा." प्रभावती त्यांच्यासमोर हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

माझा अर्ज कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होता. मंजुरी पुढे थंडीत आली, खंडूने उरलेला भाग भरला, जुनं काँक्रीट आणि नवं काँक्रीट यांचं काही जमलं नाही, आणि तो सांधा दर पावसाळ्यात गळत राहिला. पण हे सगळं नंतरचं.

श्रावणात चाकणचं काम निघालं. मी दाजींना आकडा काढून दिला. सुका माल दीडपट धरला, वर प्रभावतीचा सहाव्याचा भात धरला. त्यांच्या कचेरीतले साहेब माझ्या ओळखीचे नव्हते, त्यामुळे काम लवकर झालं. पावसाने उघडीप दिली, एका दिवसात स्लॅब पडला. टाकला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कुठेही आकाश नाही.

घर झाल्यावर त्यांनी बुद्धवंदना ठेवली. आईला यायचं होतं, पण खोकला वाढला होता. मी एकटा गेलो. वंदना झाल्यावर दाजींनी मला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चार शब्द सांगितले. म्हणाले, माणसाने मोजून वागावं, आणि कसं मोजावं ते या ओव्हाळांकडून शिकावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर स्लॅबकडे बघत होतो. गुळगुळीत, सरळ, पुरता. माझ्या हातून निघालेला तो एकमेव बरोबर आकडा, आणि त्याच्याखाली दुसऱ्याच कुणाची म्हातारी बसली होती.

निघताना सरुबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या होत्या, नीट झाकून ठेवलेल्या.

"दादा, ह्या उरल्यात बगा. आमाला काय करायच्यात? तुमचं दाजी ट्रकमदी टाकून पोच करत्याल सांगवीला."

आमच्या बारांची भर त्यांनी झाली नसती. पण खाटेच्या वरचा भाग झाकला असता. मी गोण्यांकडे पाहिलं. मांडवाचं सामान न्यायला आलेला ट्रक दारात उभाच होता. नुसतं बरं म्हणायचं होतं, आणि म्हटलं असतं तर सरुबाईंनी विचारलं असतं, कशाला हव्यात, तुमचं तर मोजून झालंय.

"नको," मी म्हणालो. "आमचं काम झालंय."

घरी आलो तेव्हा अंधारून आलं होतं. आई खाटेवर उशाला टेकून बसली होती. हार बघून तिला बरं वाटलं. तिने तो हातात घेतला, कोण कोण आलं होतं, काय वाढलं, रंभा कशी आहे, सगळं विचारलं. मधे मधे खोकत होती. मग म्हणाली, "आन सिमिट? पुरलं?"

"पुरलं. चार गोण्या उरल्या."

वर ताडपत्रीवर थेंब वाजायला लागले होते.

"देत हुत्या?"

"देत होत्या."

"घेतल्यास?"

"नाही."

आईने हार माझ्या हातात परत दिला आणि पाय जवळ घेतले. खाटेचा तो भाग आधी भिजायचा.

"बरं केलंस," ती म्हणाली. "काठी घे. पानी साचतंय."